वर्तमानपत्रांतील पूर्वज

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून आपल्या घराण्याचा व गांवाचा इतिहास जुळविण्याकडे अलीकडे पुष्कळ मंडळींचा ओढा दिसतो. ही हौस स्तुत्य आहे. कुलवृत्तान्त लिहिण्याची चाल आपल्याकडे चांगली रुजलेली आहे; तिला छापील कागदाचा आधार मिळाला तर ती अधिक बळकट होईल, यांत संशय नाहीं. परंतु नवें साधन हातीं आलें म्हणजे त्याची परीक्षा करणें हें पहिलें कर्तव्य होय. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि अस्सल कागद व मागाहून रचलेली बखर यांतील भेद महाराष्ट्रास शिकविला. वर्तमानपत्राचें कात्रण त्याच कसोटीस लावून पाहण्याचे श्रम मात्र फारसे कोणी घेत नाहीं. जें छापलें गेलें तें घडलें, आणि जें छापलें गेलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असा या लेखकांचा भोळा समज दिसतो.

कर्जत व खालापूर या भागाचेंच उदाहरण घेऊं. येथील माणसाचा शोध कोणत्या पत्रांत करावयाचा, हाच पहिला प्रश्न. १८९१ पूर्वीं कर्जत तालुका ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं तो कुलाब्यास जोडला गेला, आणि १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. ब्रिटिश अमदानींत खालापूर हा कर्जताचाच पेटा होता. म्हणून १८७५ च्या सुमाराची हकीकत हवी असेल तर अलिबागचें 'सत्यसदन' पाहण्यापूर्वीं ठाण्याचा 'अरुणोदय' पाहिला पाहिजे. शिवाय कर्जत नांवाचा दुसरा तालुका आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे, त्यामुळें नुसतें 'कर्जत' वाचून हुरळून जाण्यांत अर्थ नाहीं. इंग्रजी पत्रांत खोपोलीचें 'कॅम्पूली' आणि नेरळाचें 'नारेल' होतें. जुन्या मराठी मजकुरांत पुष्कळदां माणसाचें व त्याच्या बापाचें नांव तेवढें येतें, आडनांव येत नाहीं. अशा दोन नांवांवर कुळाचा दावा सांगणारे दहा वंशज सहज निघतील.

या अडचणी सावधपणानें टाळतां येतात. खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती बोरघाटाच्या लोहमार्गाकडे पाहिलें म्हणजे कळते. मुंबईचा लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत येऊन पोंचला. पुढें पळसदरीहून खंडाळ्यापर्यंत डोंगर फोडून केलेली चढण १८६३ सालीं खुली झाली. ऐन भरांत या कामावर ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील हजारों दगावले. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून दंगाही झाला. त्याच वर्षीं नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा येथें येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें तो ठेका पुढें चालविला. मुख्य इंजिनियर बर्कले यांचें नांवही सर्वतोमुखीं झालें. आतां त्या ४०,००० पैकीं एकाचा वंशज आपल्या पणजोबाचा शोध करूं लागला, तर त्याला काय सांपडेल? संख्या सांपडेल, नांव सांपडणार नाहीं.

म्हणजे वर्तमानपत्र खोटें बोलतें असें नव्हे. तें ज्यांच्यासाठीं निघत असे, त्यांचेंच बोलतें. बदली, परीक्षा, देणगी, मृत्युलेख, या सदरांत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या वर्गाची वस्ती. कुळाचें नांव आलेंच तर जप्तीच्या व लिलावाच्या नोटिशींत येईल. ठाकूर व कातकरी यांच्या बाबतींत जातीचा उल्लेख होतो, माणसाचा होत नाहीं. यावर कुलवृत्तान्तकार आणखी एक निवड करतो. आजोबांच्या देणगीची बातमी तो कापून घेतो, आणि त्यांनींच काढविलेली लिलावाची नोटीस त्याच पानावर असली तरी ती तशीच सोडून देतो. असा ग्रंथ घराण्याची तसबीर होतो. त्याला इतिहास म्हणवत नाहीं.

राजकीय प्रसंगांत ही सावधगिरी अधिकच हवी. माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत पडले. महायुद्धाचे निर्बंध वर्तमानपत्रांवर होते. अशा दिवसांतील बातमी वाचतांना तींत सरकारनें काय सांगूं दिलें हें पाहावयाचें. त्या माणसांची खरी ओळख तींतून होईल अशी अपेक्षा धरणें व्यर्थ आहे. ज्यांना कर्जतकर आज हुतात्मे म्हणतात, ते त्या वेळच्या सरकारी भाषेंत गुन्हेगार होते.

तर मग या फायली बाजूस साराव्या काय? मुळींच नाहीं. ज्या दिवसाची गोष्ट त्याच दिवसाचा कागद, हा गुण वर्तमानपत्रांइतका दुसऱ्या कोणत्या साधनांत आहे? मात्र त्यांच्या शेजारीं फेरफाराची नोंद ठेवावी, आणि वाडीवरच्या म्हाताऱ्यांची आठवणही ठेवावी. अग्रलेखाआधीं जाहिरात वाचावी. जें नांव मिळालें नाहीं, तें मिळालें नाहीं असें स्पष्ट लिहावें, आणि कां मिळालें नाहीं तेंही लिहावें. आपल्या पूर्वजाचें नांव छापलेलें पाहून होणारा आनंद खरा आहे. परंतु बोरघाटांतून गाडीनें जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय ज्यांच्या श्रमांवर टेकतात, ते निनांवी लोक कोणाचे तरी पूर्वज होतेच. त्यांना जागा न देणारा कर्जत-खालापूरचा इतिहास कितीही कात्रणांनीं भरला, तरी अपुराच राहणार.