गोपनीयतेचे आश्वासन आणि त्याची मर्यादा : एक चिकित्सा

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात मुलाखत हे तथ्यसंकलनाचे प्रभावी साधन मानले जाते. मुलाखतसूचीच्या आरंभी 'आपण दिलेली माहिती पूर्णतः गोपनीय ठेवली जाईल' हे वाक्य छापण्याचा प्रघात आहे. एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात ते जसेच्या तसे उतरते. त्यातील 'पूर्णतः' हा शब्द मात्र आक्षेपार्ह आहे. कारण संवेदनशील विषयांत तो पाळणे संशोधकाच्या हाती नसते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांतील बालविवाहांचा अभ्यास उदाहरणादाखल घेता येईल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तेथील कामाची गणना. साहजिकच विवाह लवकर उरकले जातात. सतरा वर्षांची विवाहिता आपल्या गरोदरपणाविषयी बोलू लागते, तेव्हा संशोधकास मिळते ती केवळ 'तथ्यसामग्री' नसते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीबाबत पतीस दंड संहितेने दिलेली सवलतही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काढून घेतली. अधिनियमाच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वकिलास अशिलाच्या बाबतीत साक्षीच्या कायद्याने लाभणारे संरक्षण संशोधकास नाही. नावाऐवजी क्रमांक लिहिल्याने वाचकापासून ओळख झाकली जाते, कायद्याने घातलेले कर्तव्य टळत नाही.

ही मर्यादा आधीच सांगितल्यास उत्तरदाती बोलणारच नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तक्रार झाली तर तिचा नवरा तुरुंगात जाईल आणि ऐन हंगामात तिचा कोयता मोडेल. परंतु नेमक्या याच कारणास्तव बोलायचे की नाही, हा निर्णय तिचा असावयास हवा. खोट्या हमीवर मिळविलेले कथन कितीही समृद्ध असले, तरी त्यास संमती म्हणता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गोपनीयतेचे अपवाद मान्य केलेले आहेत. महाविद्यालयीन संशोधन समित्यांत मात्र चर्चा बहुधा नमुना निवड आणि संदर्भसूची यांपाशीच थांबते. 'अमुक स्वरूपाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवावी लागेल' हे वाक्य संमतिपत्रात असावे आणि पहिल्या प्रश्नापूर्वी उत्तरदातीच्या बोलीत तिला वाचून दाखवावे. त्यानंतर ती गप्प राहिली, तर तो रकाना कोरा ठेवून अशा कोऱ्या रकान्यांची संख्या प्रबंधात नोंदवावी.