पतंगांच्या नोंदी : एक परीक्षण

टिपणवह्यांचे परीक्षण ह्या पानांवर सहसा होत नाही. कविता, कादंबरी, चरित्र ही तेवढी परीक्षणास योग्य. किड्यांची टिपणे करणारा मनुष्य छांदिष्ट, त्याच्या वहीत गुणदोष ते काय पाहावयाचे, अशी समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. रात्री अंगणात पांढरी चादर टांगून, तिच्यापुढे दिवा लावून, तीवर बसणाऱ्या पतंगांची छायाचित्रे घेणारी व ती एकमेकांस कळविणारी हौशी मंडळी आता महाराष्ट्रातही आहे. २०१२ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे सुरू झालेला जुलैअखेरचा पतंग-सप्ताह इकडेही पाळला जातो. एवढे लेखन होत असता त्याची बरीवाईट पारख होऊ नये, हे ठीक नव्हे.

हौशी म्हणून मात्र कोणी ह्यांस हिणवू नये. ह्या विद्येचे मूळच हौसेत आहे. जॉर्ज हॅम्पसन निलगिरीत चहाचे मळे करावयास आले आणि पतंगांच्या नादी लागले. हिंदुस्थानातील पतंगांवरील त्यांचे चार खंड १८९२ ते १८९६ ह्या काळात निघाले. उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर ज्या तिघांनी त्याच सुमारास लिहिले, त्यांपैकी डेव्हिडसन मुलकी अधिकारी, बेल जंगलखात्यातले, आणि एटकेन मीठ-जकातीच्या खात्यातले. हे एटकेन तर १८५१ साली नीरेपलीकडे साताऱ्यासच जन्मले.

हॅम्पसन ह्यांचे खंड आजही चाळावे लागतात. परंतु त्यांचा भार टाचणीला टोचलेल्या, वाळलेल्या पतंगावर आहे : पंखांच्या शिरा, मिशा, रंगांचे पट्टे. अळीचे वर्णन जेथे हाती लागले तेथे येते, एवढेच. बेल आणि स्कॉट ह्यांच्या १९३७ सालच्या ग्रंथाची गोष्ट वेगळी. कारवारास राहून बेल ह्यांनी अळ्या पाळल्या होत्या, आणि म्हणून त्या ग्रंथात पतंगाचा जन्म, आहार व कोश ह्यांस पंखांइतकाच मान आहे. तिळावर पोसणारी, शेवटाशी शिंग असलेली जाडजूड हिरवी अळी, आणि पाठीवर कवटीची खूण मिरविणारा, हाती धरला की चीं-चीं करणारा पतंग, ही एकाच जीवाची दोन रूपे आहेत, हे अळी पाळल्यावाचून कोणास उमगणार? आमच्या मते पहिल्या ग्रंथात ओळख आहे, दुसऱ्यात चरित्र आहे.

आजच्या नोंदी पुन्हा पहिल्या वाटेने चालल्या आहेत. छायाचित्र सुरेख, तारीख बिनचूक, स्थळही नकाशावर टिपलेले. पण पतंग कोठून आला व कशावर वाढला, ह्याविषयी अवाक्षर नाही. त्यात नाव लावण्याची घाई. कित्येक जाती पोटाच्या टोकाकडील इंद्रिये भिंगाखाली तपासल्यावाचून वेगळ्या करता येत नाहीत. तरी छायाचित्रावरून ठाम नाव दिले जाते. ‘कुळ कळले, जात कळली नाही’ असे लिहिणाऱ्यास आम्ही अधिक गुण देऊ. ज्या रात्री चादर कोरीच राहिली, ती रात्रही वहीत यावी. ती क्वचितच येते.

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारखे गाव घ्या. नीरेच्या डाव्या कालव्याचा हा ऊसमुलूख. पतंगवेड्यांची पावले सह्याद्रीकडे वळतात. इकडे चादर कोण टांगणार? पण नोंद करणारे येथे मुळीच नाहीत, असे थोडेच आहे? खोडकिडा, कांडी कीड, शेंडे कीड, घाटेअळी ही सारी पतंगांचीच लेकरे, आणि शेतकरी ती नावानिशी जाणतो. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. तिच्या कपाळावरचे उलट्या वाय अक्षराचे चिन्ह व शेवटाकडील चार ठिपके मक्याच्या शेतकऱ्यास आज पाठ आहेत. त्याने टांगलेल्या कामगंध सापळ्यात किती नर सापडले, हेही तो मोजतो. मोजतो आणि फवारणीचा निर्णय होताच विसरतो! सापळ्यातील तो आकडा कोणाच्या वहीत जात नाही. चादरीवरच्या छायाचित्रात त्या पतंगाची अळी नसते. एकाजवळ अळी, दुसऱ्याजवळ पंख. दोघांची भेट घडेल अशी मराठी वही आमच्या पाहण्यात नाही, आणि पतंगाला मराठी नाव नसेल तर भेट व्हावी तरी कशी?

डाळिंबावरचा रसशोषक पतंग पाहा. इतरांची पोरे उपद्रवी, ह्याचा बापच चोर : रात्री येऊन सोंडेने फळास भोक पाडतो, रस पितो, आणि फळ त्या जागी सडते. अळी मात्र बागेत सापडत नाही; ती कुंपणावरच्या गुळवेलीवर किंवा वासनवेलीवर वाढते. तेव्हा ह्या एका जीवाची नोंद बागेत एकदा व कुंपणावर एकदा, अशी दोन ठिकाणी झाली पाहिजे. आम्ही पाहिलेल्या टिपणांत ती बहुधा चादरीवर एकदाच झालेली असते.