शीर्षकातील आग : लोकप्रिय संगीतातील एका प्रतिमेचे पुनर्वाचन

लोकप्रिय गीतांच्या आणि अल्बमांच्या शीर्षकांत आगीची प्रतिमा वारंवार आढळते. तिचा अर्थ लावताना समीक्षा बहुधा आदिबंधाचा आधार घेते. आग म्हणजे कामना, आग म्हणजे शुद्धी किंवा संहार, अशी समीकरणे मांडली जातात. गास्तों बाशलार यांच्या अग्नीच्या मनोविश्लेषणावरील ग्रंथाने (१९३८) या वाचनाला सैद्धान्तिक बळही दिले. मात्र आग एकदा सार्वत्रिक ठरली, की ती कोणी लावली आणि तीत कोण होरपळले, हे प्रश्न मागे पडतात. तीन शीर्षकांच्या आधारे याचा विचार करता येईल.

‘डीप पर्पल’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गीत १९७२ चे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झप्पा यांची मैफल चालू असताना श्रोत्यांपैकी कोणीतरी फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनोची इमारत जळून गेली. धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचे अनुमान सिद्ध करताना स्वयंपाकघर हा सपक्ष, तर सरोवर हा विपक्ष म्हणून दिला जातो. सरोवरात अग्नी नाही, म्हणून धूरही नाही. या शीर्षकात नेमका त्या विपक्षावरच धूर दिसतो, आणि म्हणून ते गूढ वाटते. आग काठावरील इमारतीला लागली होती, हे कळताच गूढ उरत नाही. जे रूपक भासते ती येथे अभिधा आहे.

बॉब मार्ली आणि वेलर्स यांच्या ‘कॅच अ फायर’ (१९७३) या अल्बमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. जमैकी बोलीत या पदबंधाला शिक्षा भोगण्याचा, नरकाग्नीत पडण्याचा अर्थ आहे. तो ‘स्लेव्ह ड्रायव्हर’ या गीतातून आला असून तेथे त्याचा रोख गुलामांना हाकणाऱ्यावर आहे. पहिल्या आवृत्तीचे वेष्टन मात्र झिपो लायटरच्या आकाराचे, बिजागरीवर उघडणारे होते. पुढे त्याची जागा धूम्रपान करणाऱ्या मार्लीच्या छायाचित्राने घेतली. बोलीतील शाप अशा रीतीने खिशातल्या वस्तूशी आणि व्यसनाच्या प्रतिमेशी जोडला गेला. शब्द तेच राहिले. त्यांमागचा गुलामगिरीचा इतिहास मात्र वेष्टनावरून दिसेनासा झाला.

‘यूटू’ या आयरिश वाद्यवृंदाचा ‘द अनफरगेटेबल फायर’ (१९८४) सर्वांत अवघड प्रश्न उभा करतो. हे नाव हिरोशिमातून वाचलेल्यांनी काढलेल्या चित्रांच्या प्रदर्शनावरून घेतलेले आहे. १९७४ मध्ये अशा एका व्यक्तीने आपले चित्र एनएचकेच्या हिरोशिमा केंद्रात नेऊन दिले. नंतरच्या आवाहनातून शेकडो चित्रे जमली. अल्बममधील एकही गीत त्या विध्वंसाचे सरळ वर्णन करीत नाही. दोन गीते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीशी निगडित आहेत. मुखपृष्ठावर मॉयड्रम किल्ल्याचे अवशेष आहेत. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९२१ मध्ये, तो जाळण्यात आला होता. म्हणजे शीर्षक एका आगीचे आणि चित्र दुसऱ्या आगीचे. वसाहतवादाशी लढणाऱ्यांनी जाळलेला वाडा आणि अणुबाँबने जाळलेले शहर यांना ‘अविस्मरणीय’ हे एकच विशेषण लावणे न्याय्य आहे काय? दुसऱ्याच्या साक्षीतून उसना घेतलेला शब्द श्रोत्याला त्या चित्रांपर्यंत नेत असेल, तर उसनवारी सार्थ म्हणता येईल. नेत नसेल, तर केवळ वातावरणनिर्मिती उरते. हा अल्बम या दोहोंच्या सीमेवर उभा आहे.

तिन्ही शीर्षकांत शब्द एकाच अर्थक्षेत्रातले, पण घटना, बोली आणि साक्षी वेगवेगळ्या. तौलनिक अभ्यासात साम्याची नोंद ही सुरुवात असते. आग कशाचे प्रतीक आहे, हे विचारण्याआधी ती कोणती आग आहे, हे विचारले पाहिजे; आणि त्यासाठी गीताच्या संहितेइतकेच बोलीकडे आणि वेष्टनाकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.