वेताळाची शपथ आणि रानातली माणसे

चित्रकथा या वाङ्मयप्रकाराकडे आपल्या समीक्षकांनी फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. मुलांनी मात्र तो नेहमीच गांभीर्याने घेतला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका १९९० साली बंद पडली. परंतु मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तिने घडवलेले वाचक आज आजीआजोबा झाले आहेत आणि त्यांची नातवंडे मोबाइलच्या पडद्यावर नवे महानायक पाहत आहेत. ‘फादर, हे मुलांना वाचू द्यावे, पाहू द्यावे का?’ हा आईबापांचा प्रश्न जुना आहे तसाच आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे कॅथलिक समाजाने यापूर्वी देऊन पाहिली आहेत. १९४० च्या दशकात अमेरिकेतील काही कॅथलिक शाळांच्या पटांगणांत चित्रकथांच्या होळ्या पेटल्या. दुसरीकडे १९४६ पासून १९७२ पर्यंत ‘ट्रेझर चेस्ट’ नावाची खास कॅथलिक चित्रकथामालिका तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून वाटली जात होती. पुस्तक जाळल्याने कुतूहल जळत नाही. आणि चांगले पुस्तक हाती दिले तरी बाजारातल्या नायकाशी मुलाची गाठ पडायची ती पडतेच. म्हणून आम्हांला तिसरा मार्ग सुचवावासा वाटतो: मुलांबरोबर बसून वाचावे आणि नायकालाच जाब विचारावा.

जाब कोणत्या कसोटीवर विचारावा? ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, ही लूककृत शुभवर्तमानातील प्रभूची शिकवण आपणांस परिचित आहे. १९६२ साली अवतरलेल्या स्पायडरमॅनची पहिली कथा नेमक्या याच विचारावर उभी आहे. अंगी अद्भुत शक्ती असूनही तो एका चोराला निसटू देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या अपराधांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. त्या कबुलीचा अर्थ या लहानशा कथेत मुलाला सहज उमगतो. पण कसोटी येथेच संपत नाही. बलवानाने दुर्बळाचे रक्षण केले, एवढ्याने त्याची जबाबदारी पुरी होते काय? हा प्रश्न घेऊन आम्ही इंद्रजालच्या सर्वांत लाडक्या नायकाकडे, वेताळाकडे, वळतो.

वेताळाची निवड सहेतुक आहे. तो रानातल्या माणसांचा रक्षक आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांपासून नवापूरपर्यंत, या पानांचे अनेक वाचक स्वतःच रानाची लेकरे आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. आपल्यासारख्या माणसांचे चित्र त्या कथांत कसे रेखाटले आहे, हे विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे.

ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ साली ही कथा सुरू केली. १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा तरुण किनाऱ्याला लागतो. पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढण्याची शपथ घेतो आणि ती शपथ बापाकडून मुलाकडे एकवीस पिढ्या चालत येते. कथेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. शब्द पाळणे, शक्यतो कोणाचा जीव न घेणे, कीर्तीची हाव न धरणे, हे संस्कार वेताळाने हजारो मुलांवर केले आहेत. तरीही तीन गोष्टी आम्हांला खटकतात.

पहिली गोष्ट कथेच्या उगमाशीच आहे. किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्या त्या परक्या तरुणाला उचलून त्याची शुश्रूषा करतात ते ठेंगणे बांदार लोक. त्या वेळी ते स्वतः वासाकांचे गुलाम असतात. दयाळू शोमरोनी या कथेत कोणी असेल तर तो बांदारच! पुढे तरुण त्यांना गुलामीतून सोडवतो आणि उपकाराची फेड होते. मात्र नंतरच्या चार शतकांत बांदार बांदारच राहतात. विषारी बाण घेऊन ते वेताळाच्या गुहेचा पहारा करतात, त्यांचा प्रमुख गुरन त्याचा जिवलग सखा असतो. पण कवटीची गादी कधीही बांदाराच्या मुलाकडे येत नाही. ज्यांनी त्याला वाचवले तेच कायमचे ‘रक्षणीय’ ठरले. चारशे वर्षे राखण करूनही राखलेली माणसे स्वतःच्या पायांवर उभी राहिली नसतील, तर त्या राखणीत काहीतरी उणे आहे.

दुसरी गोष्ट उत्तरदायित्वाची. जंगल गस्तीदल ज्या सेनापतीची आज्ञा पाळते, त्याचे तोंड दलातील जवानांनी पाहिलेले नसते. आज्ञा एका तिजोरीतून येतात. १९६० च्या दशकात फॉकने आपल्या कल्पित देशाला स्वातंत्र्य दिले, लुआगा नावाचा कृष्णवर्णी डॉक्टर अध्यक्ष म्हणून निवडून आणला, आणि हे त्याला शोभून दिसले. पण मुखवट्यामागचा सेनापती तसाच राहिला. तो चुकला तर त्याला विचारणार कोण?

तिसरी गोष्ट आम्हां धर्मगुरूंना विशेष बोचते. वेताळाच्या अंगठीचा ठोसा बसला की दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते आणि ती जन्मभर पुसली जात नाही. पश्चात्तापाला तेथे वाव नाही. पापनिवेदनाला येणाऱ्या मुलाला आपण याच्या अगदी उलट शिकवतो.

केवळ वेताळालाच दोष देणे न्याय्य होणार नाही. इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनविषयी असाच आक्षेप घेतला होता. जगाची भूक मिटवण्याचे सामर्थ्य असलेला हा वीर आपल्या शहरातील दरोडेखोरांच्या मागे धावण्यात आयुष्य घालवतो. नवल असे की १९३८ सालच्या आरंभीच्या एका कथेत याच सुपरमॅनने एका बेपर्वा खाणमालकाला खाणीत अडकवून मजुरांचे हाल प्रत्यक्ष भोगायला लावले होते. पुढे नायक जितका बलवान झाला तितके त्याचे प्रश्न लहान झाले.

खुद्द इंद्रजालनेच याला एक देशी उत्तर दिले. १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर मुखवटा घालत नाही. तो दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसाच्या गोळीने मेलेला. सुडाने पेटलेला हा तरुण कायद्याच्या बाजूला येतो आणि चंबळच्या गावकऱ्यांना हाताशी धरून नागरिक सुरक्षा दल उभे करतो. म्हणजे माणूस बदलू शकतो, आणि गाव स्वतःचे रक्षण करू शकते. चित्रांच्या व कल्पकतेच्या दृष्टीने वेताळकथा कदाचित सरस ठरतील. नैतिक दृष्टीने बहादूर एक पाऊल पुढे आहे असे आमचे मत आहे.

आणि ही केवळ कागदावरची गोष्ट नव्हे. १९७० च्या दशकाच्या आरंभी आपल्याच शहादा तालुक्यात गेलेल्या जमिनींसाठी व मजुरीसाठी भिल्ल शेतमजूर उभे राहिले, तेव्हा त्यांचा पुढारी समुद्रातून वाहत आला नव्हता. अंबरसिंग सुरतवंती हे त्यांच्यातलेच, भिल्ल, भजने गाणारे. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. बाहेरून आलेले शिकलेले तरुण सोबतीला होते. सोबतीला, गादीवर नव्हे. त्याच सुमारास तेथील स्त्रिया गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. त्यांच्यापाशी अंगठी नव्हती, गुहा नव्हती, आणि मुखवटा तर नव्हताच. कोणी काय केले हे साऱ्या गावाला ठाऊक होते. नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती धरून गोळीला सामोरा गेलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमारही उघड्या चेहऱ्यानेच गेला.

हा जाब बाहेरून येऊन सेवा करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो: शिक्षकाला, डॉक्टरला, अधिकाऱ्याला आणि आम्हां मिशनमधील धर्मगुरूंनाही. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्यांना मित्र म्हटले आणि आपले कार्य गालीलातल्या कोळ्यांच्या हाती सोपवले. ज्या सेवेतून सेवितांमधले पुढारी, प्रापंचिक प्रबोधक, शिक्षिका आणि धर्मगुरू घडत नाहीत, ती सेवा वेताळाच्या राखणीसारखीच अपुरी म्हणावी लागेल.

तेव्हा आईबापांना आमचे उत्तर असे: मुलांना वाचू द्यावे, पण पुस्तक मिटताना तीन प्रश्न विचारावेत. या नायकाला जाब कोण विचारतो? चुकलेल्याला परत येण्याची वाट आहे काय? आणि नायक निघून गेल्यावर ती माणसे आपले रक्षण आपण करू शकतील काय? तिसऱ्या प्रश्नावर आमच्या इकडची मुले पुष्कळदा मोठ्यांपेक्षा चांगले उत्तर देतात, कारण रान त्यांना लेखकापेक्षा अधिक ठाऊक असते.