हस्तलिखितांच्या सूचींतील प्रकारनिर्देश : धाराशिव जिल्ह्यांतील कांहीं उदाहरणें

हस्तलिखितांच्या ज्या सूचि आमच्या पाहण्यांत आल्या त्यांत ग्रंथनाम, कर्ता, पत्रसंख्या, लेखनकाल हे रकाने बहुधा काळजीपूर्वक भरलेले असतात. परंतु 'विषय' या रकान्यापाशीं येतांच सूचिकाराची लेखणी घोटाळते. तेथें कोठें 'देवी' असें लिहिलेलें असतें, कोठें 'पद्य', कोठें 'इतिहास', तर कोठें 'किरकोळ'. पहिला शब्द लेखन कशाविषयीं आहे तें सांगतो, दुसरा तें कोणत्या रूपाचें आहे तें सांगतो, तिसरा सूचिकाराचें मत सांगतो आणि चवथा कांहींच सांगत नाहीं. या घोटाळ्यानें संशोधकाची दिशाभूल कशी होते हें धाराशिव जिल्ह्यापुरतें येथें पाहूं.

प्रथम तुळजापूर घेऊं. स्कंदपुराणाच्या नांवावर चालणारें देवीमाहात्म्य, भवानीच्या आरत्या व पदें, गोंधळ्यांचीं कवनें, इनामाच्या सनदा, हक्कांविषयींचे महजर व निवाडे हीं सर्व सूचींत 'तुळजापूर' या एकाच मथळ्याखालीं येऊं शकतात. विषय एक आहे, यांत वाद नाहीं. परंतु माहात्म्य हें क्षेत्राची थोरवी गाण्यासाठीं रचिलेलें असतें, आणि महजर हा जमलेल्या गोताच्या साक्षीनें लिहिलेला निर्णय असतो. पहिल्यावरून भाविकांची समजूत कळते. दुसऱ्यावरून अमुक हक्क अमुक काळीं कोणाकडे होता तें कळतें. माहात्म्यांतील राजाचें नांव घेऊन देवळाचा काळ ठरवूं पाहणाऱ्या लेखकास आपण हंसतों खरे. पण सूचीनेंच तें 'इतिहास' म्हणून त्याच्या हातीं दिलें असेल तर सगळा दोष त्याचा कसा म्हणावा?

याच देवस्थानासंबंधीं निजामी अमलांत इ. स. १९०९ मध्यें झालेली 'देऊल-ए-कवायत' प्रसिद्ध आहे. केवळ नांव पाहून सूचि करणारा गृहस्थ ती लष्करी सदरांत घालण्यासही कमी करणार नाहीं ! मूळ अरबी 'कवाइद' म्हणजे नियम; पलटणीची कवायत ही त्याच शब्दाची धाकटी बहीण. अर्थात् हा लेख म्हणजे देवस्थानाच्या व्यवहाराची नियमावलि होय, आणि त्याचा प्रकार शीर्षकावरून नव्हे, मजकुरावरून ठरविला पाहिजे.

मजकुरावरून ठरवितांनाही एक पथ्य आहे. सभासदाच्या लेखनास आपण सर्रास बखर म्हणतों. त्याच्या मजकुरांत शब्द येतो तो 'चरित्र'. अशा ठिकाणीं रूढ मथळा 'बखर' हाच ठेवावा, परंतु लेखकानें योजिलेलें नांवही शेजारीं टिपावें आणि 'चरित्र' या मथळ्याखालीं उलट निर्देश द्यावा. आमच्या मतें अशीं पंचवीसतीस नांवें नीट व्याख्या करून ठरविलीं तर बहुतेक संग्रहांचें काम भागेल. प्रत्येक सूचिकारानें नवीं नांवें पाडूं लागावें, हें मात्र नको.

सर्वांत मोठी हेळसांड 'बाडां'ची होते. बाड हें वस्तूचें नांव आहे, रचनेचें नव्हे; रुमाल, पोथी, चोपडी यांचेंही तसेंच. एखाद्या बाडांत आरंभीं गणपतीचें स्तोत्र, मध्यें तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग, पुढें औषधांचीं टिपणें आणि शेवटल्या पानावर देण्याघेण्याची याद असते. सूचींत 'बाड, स्तोत्रादि' एवढेंच येतें, आणि त्या 'आदि'च्या पोटांत अभंग, औषधें व सावकारी तिन्ही गडप होतात. वस्तूचा प्रकार एकदां आणि आंतील प्रत्येक रचनेचा प्रकार स्वतंत्र नोंदला जाईल तेव्हांच अशा बाडाचा उपयोग.

हा भेद परक्यांनाही उशिरांच पटला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें विषयाचे मथळे व रूपाचे मथळे निराळे करण्याचें काम इ. स. २००७ मध्यें चलच्चित्रांपासून आरंभिलें. वाङ्मय व संगीत यांची पाळी २०१५ मध्यें आली. त्यांचें तत्त्व घेण्याजोगें आहे. शब्द मात्र आपल्या दप्तरांतूनच घ्यावे लागतील. ड्यूईच्या वर्गीकरणांत सर्व मराठी काव्य ८९१.४६१ या एका अंकाखालीं बसतें. त्या पेटींत आरती आणि पोवाडा शेजारीं शेजारीं पडून राहतात.

प्रकार सांगणें म्हणजे दर्जा ठरविणें, असा समज मात्र होऊं नये. शिलाहारांच्या ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' असें बिरुद येतें. तगर म्हणजे तेर, हें फ्लीटनें इ. स. १९०१ मध्यें प्रतिपादिलें. ताम्रपट हा अस्सल लेख खरा; पण त्यांतील बिरुदावलि हा निराळा प्रकार आहे. ती कुळाचा अभिमान सांगते. त्या राजांची तेरवर सत्ता होती हें तिच्यानें सिद्ध होत नाहीं. उलट कनकामर मुनीचें अपभ्रंश 'करकंडचरिउ' हें तर उघड काव्य. तरीही त्यांतील तेरापूरच्या लेण्यांचें वर्णन धाराशिवच्या लेण्यांशीं जुळतें, हें हीरालाल जैन यांनीं इ. स. १९३४ च्या आपल्या आवृत्तींत दाखविलें. हा ग्रंथ नुसत्या 'चरित' या सदरांत ठेवला तर लेण्यांच्या अभ्यासकास तो सांपडणार नाहीं. नुसत्या 'लेणीं' या सदरांत ठेवला तर तो त्यास शिलालेखाइतका प्रमाण मानील. एका पत्रिकेवर दोन्ही मथळे लिहिण्यास शाईचे चार थेंब अधिक लागतात.