हेरांची पुस्तके आणि आपली खासगी

मराठी वाचकाला हेराचे वेड आहे, ही गोष्ट आता कुणी नाकारू नये. ज्या घरात दिवाळीचे चार अंक येतात त्या घरात रहस्यकथांचा अंक आधी कुणी वाचावयाचा यावरून भावंडांत तंटा होतो. आणि ‘काय ही अभिरुची!’ म्हणून नाक मुरडणारी वडील मंडळी फराळानंतर तोच अंक उशाशी घेऊन आडवी होतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या मागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराची मजल ओलांडली, आणि त्यांचा कॅप्टन दीप कामगिरीवर निघाला की शाळकरी पोरांना जेवणाची शुद्ध राहत नसे. या लेखकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. वाङ्मयाच्या पंगतीत त्यांचा पाट मांडावा की नाही हा वाद जुना आहे. त्यात मला पडावयाचे नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. असे पुस्तक वाचून मिटले म्हणजे आपल्याला हेर आठवतो, त्याचे वेषांतर आठवते, अखेरच्या प्रकरणातली पळापळ आठवते. पण ज्याच्या दाराशी तो हेर कान लावून उभा होता, तो दाराआडचा माणूस आठवतो का? ज्याचे पत्र फोडले गेले त्याला ते कधी कळले का, आणि कळल्यावर त्याने पुढचे पत्र कसे लिहिले? हेरकथा असो, हेरखात्याचा इतिहास असो की निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी असोत, त्यांचा कस इथे लावावा, असे माझे मत बनत चालले आहे. पाहणाऱ्याचे कौतुक कुणालाही लिहिता येते. पाहिल्या गेलेल्या माणसाला पुस्तकात जागा देणे कठीण.

या विषयावरचा आपल्याकडचा आद्य ग्रंथ कौटिल्याचा. ‘अर्थशास्त्रा’ची पोथी १९०५ साली म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती आली व १९०९ साली छापून निघाली, तेव्हा विद्वानांना मोठे नवल वाटले. त्यातली हेरांची यादी वाचताना प्रथम हसू येते आणि मग ते ओठांवरच विरते. धूर्त विद्यार्थी, संन्यास मोडलेला बैरागी, पोट न भरणारा शेतकरी, धंदा बुडालेला व्यापारी, जटाधारी तापस, अंतःपुरापर्यंत वावरणारी भिक्षुणी! गावात ज्यांना पाहून दार आपोआप उघडते, नेमकी तीच माणसे कौटिल्याने वेचून काढली आहेत. एकट्याच्या बातमीवर भरवसा ठेवू नये, तिघांचे सांगणे जुळले म्हणजे ती खरी मानावी, अशी त्याची शिस्त. ज्याच्या बातम्या वारंवार फसतात त्याचा बंदोबस्त गुपचूप करावा, हेही तो शांतपणे सांगतो. त्याचा एक गुण मला आवडतो. राजाच्या नजरेतून मंत्री, सेनापती, युवराज कुणीच सुटत नाही, हे तो लपवून ठेवीत नाही. पण तो राजासाठी लिहीत होता. नजरेखालचा माणूस त्याच्या ग्रंथात अधिकाराच्या नावाने येतो. त्याला चेहरा नाही.

तो चेहरा मला सापडला तो नागपुरातच, आणि तोही कादंबरीत नव्हे. ब्रिटिश रेसिडेंटाने नागपूरहून वरिष्ठांना पाठविलेल्या खलित्यांचे ते संग्रह. यादव माधव काळे यांनी संपादिलेला ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’चा नागपूर प्रकरणांवरील पाचवा खंड १९३८ साली निघाला, पुढे १९५० नंतरच्या दशकात ह. ना. सिन्हा यांनी नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांतील वेचे खंडशः प्रसिद्ध केले. ग्रंथालयात हे खंड इतिहासाच्या कपाटात असतात. माझ्या मते त्यांची एक प्रत रहस्यकथांच्या कपाटातही ठेवावयास हरकत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. गादीवर आला तो त्यांचा मुलगा परसोजी, डोळ्यांनी अंध, शरीराने पंगू. रघूजींची विधवा राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले एका बाजूला, व रघूजींचा पुतण्या आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला, असा वाड्यात तट पडला. आपले आसन बळकट व्हावे म्हणून आप्पासाहेबाने २७ मे १८१६ रोजी इंग्रजांशी गुपचूप तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मरून पडलेला आढळला. तो खून होता याचा उलगडा रेसिडेन्सीला मागाहून झाला. तोच आप्पासाहेब मग बाजीराव पेशव्याशी चोरून पत्रव्यवहार करू लागला. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्याने पेशव्याकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे स्वीकारली, आणि २६ व २७ तारखांना सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई जुंपली. तीत भोसल्यांचा पराभव झाला. पुढे १८१८ साली कैदेत नेत असता शिपायाच्या वेषात आप्पासाहेब निसटला आणि १८४० साली दूर जोधपुरास वारला. कुठल्याही रहस्यकथाकाराने हेवा करावा असे हे कथानक आहे.

परंतु या खंडांचे खरे आकर्षण कथानकात नाही. ते आहे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या कानांत. दरबारोदरबारी बातमीदार ठेवणे, पगारी अखबारनवीस बाळगणे, वाड्यातल्या असंतुष्टांशी संधान बांधणे ही त्या काळच्या रेसिडेंटांची रोजची कामे. महालातल्या वाड्यात आज कोण कुणाला भेटले, राणीसाहेब कुणावर रुसल्या, परसोजीची प्रकृती कशी आहे, हे सीताबर्डीला कळावयाचे आणि तिथून इंग्रजी पत्रांत उतरून कलकत्त्याला जावयाचे. एका दुर्बळ माणसाचे आजारपण हे घरच्यांच्या काळजीचे असते. इथे ते राजकारणाची बातमी झाले. त्या पत्रांची भाषा अत्यंत संथ. कुठे आवाज चढत नाही, कुठे शिवी नाही. एखादा व्यापारी मालाचा भाव कळवतो तशा शांतपणाने हा अधिकारी दुसऱ्याच्या शयनगृहातली गोष्ट कळवतो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो.

मौज अशी की परसोजी, बाकाबाई, आप्पासाहेब ही माणसे आपल्याला इतकी जवळून दिसतात ती ज्याने त्यांच्यावर नजर ठेवली त्याच्यामुळेच. रेसिडेंटाने त्यांना कागदावर आणले ते त्यांच्या सोयीसाठी खास नाही. तरीही तहासाठी ज्याने इंग्रजाला घरात घेतले, त्याच आप्पासाहेबाने वर्षाच्या आत त्याच इंग्रजापासून तोंड लपवावे, आपल्याच शहरात पत्र धाडण्यासाठी रात्र शोधावी, ही अवस्था मी कुठल्या हेरकादंबरीत इतक्या उघडपणे वाचलेली नाही. ज्याच्यावर पाळत असते तो स्वतःही हळूहळू हेरासारखा वागू लागतो, हा धडा या खंडांनी मला दिला.

असाच दुसरा ग्रंथ पोलिसांच्या दप्तरातून आला. मुंबई सरकारच्या कागदपत्रांतून निवडलेली स्वातंत्र्यचळवळीची साधने १९५७ व १९५८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांत गुप्त पोलिसांची टिपणे पानोपानी आहेत. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडणाऱ्या दामोदर चापेकराने तुरुंगात आपले आत्मवृत्त लिहिले, तेही सरकारी कागदांतच राहिले, पुढे वि. गो. खोबरेकरांनी ते मराठी वाचकांपुढे आणले. दामोदरला १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. ज्या यंत्रणेने त्याला फासावर चढविले तिनेच त्याचा आवाज जपून ठेवावा, याला काय म्हणावे! आणि चापेकरांची बातमी पोलिसांना दिली ती द्रविड बंधूंनी, म्हणजे पुण्यातल्याच ओळखीच्या माणसांनी. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी त्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या. कौटिल्याची यादी इथे पुन्हा आठवते: दार उघडते ते ओळखीच्या माणसालाच.

आता आजच्या पुस्तकांकडे येऊ. आपली परदेशी हेरसंस्था ‘रॉ’ २१ सप्टेंबर १९६८ रोजी रामनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. तिच्याविषयी पहिली चाळीस वर्षे फारसे कुणी लिहिले नाही. मग एकाएकी आठवणींचा पूर आला. बी. रामन यांचे ‘द काऊबॉईज ऑफ रॉ’ २००७ सालचे. त्याच वर्षी मेजर जनरल व्ही. के. सिंग यांचे पुस्तक निघाले आणि लेखकावर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली खटला भरला गेला. मराठीत रवि आमले यांचे ‘रॉ : भारतीय गुप्तचरसंस्थेची गूढगाथा’ पुष्कळ वाचले गेले, किचकट माहिती ओघवत्या मराठीत सांगण्याची हातोटी त्यात आहे. ही पुस्तके आपल्याला देशाभिमानाचा हक्काचा आनंद देतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सीमेवर नजर नसेल तर घरात दिवाळी साजरी व्हावयाची नाही, हे मलाही कळते.

तथापि माझी कसोटी लावली तर या रांगेत मला मलयकृष्ण धर यांचे २००५ सालचे ‘ओपन सिक्रेट्स’ अधिक मोलाचे वाटते. त्याची मांडणी विस्कळीत आहे आणि लेखकाचा स्वतःविषयीचा सूर नेहमीच पटतो असे नाही. पण देशातल्याच राजकारणी माणसांवर पाळत ठेवण्याच्या कामाविषयी या माजी अधिकाऱ्याने उघडपणे लिहिले. परक्या शत्रूसाठी घडविलेले हत्यार घरच्या माणसावर कसे वळते, हे तिथे दिसते. बाकीच्या पुस्तकांत टेलिफोन ऐकला जातो. इथे टेलिफोनवर बोलणारा माणूसही आहे, याची वाचकाला आठवण राहते.

‘खासगी’ हा आपला शब्द या संदर्भात पाहण्यासारखा आहे. पेशवाईत व संस्थानांत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या स्वतःच्या घरचा कारभार, त्याचे वेगळे उत्पन्न, वेगळे दप्तर. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्याला खासगी होती तो राजा. रयतेला घर होते, शेत होते, देव होता, खासगी नव्हती. स्वराज्य आल्यावरही हा प्रश्न लगेच सुटला नाही. रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी येऊन दार ठोठावण्याविरुद्ध उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग नावाच्या माणसाने दाद मागितली. १८ डिसेंबर १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण एकांताचा असा मूलभूत हक्क घटनेत नाही असेही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले. त्यांचे मत खरे ठरावयास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्या नवांत आमचे नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी आपले स्वतंत्र निकालपत्र लिहिले. आज खासगी राजाची उरली नाही, ती प्रत्येकाची झाली; निदान कागदावर. १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा आला, पण पत्र अडविण्याचा सरकारचा अधिकार नव्या कायद्यातही आहे.

सरकारकडे बोट दाखविणे सोपे. आपल्या घरात काय चालते? सुनेच्या माहेरचे पत्र आधी सासूबाईंनी वाचावे, मुलीच्या मैत्रिणीचे अंतर्देशीय भावाने फोडावे, आणि मग जेवताना त्यातली वाक्ये सर्वांना ऐकवावी, हे आपण प्रेमाच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या केले. आता पत्रे गेली, मोबाइल आला. मुलगा आंघोळीला गेला की त्याचा फोन चाळणारे आईबाप आणि नवऱ्याचे निरोप वाचणारी बायको यांना आपण हेर म्हणत नाही, ‘काळजी’ म्हणतो. जेंकिन्सही आपल्या कामाला हेरगिरी म्हणत नसे. आणि ज्याच्यावर पाळत असते तो हेरासारखा वागू लागतो, हा नागपूरचा धडा घरातही खरा ठरतो. ज्या मुलाचा फोन चाळला जातो तो अधिक प्रामाणिक होत नाही. तो परवलीचा शब्द बदलतो, आणि आईशी बोलताना शब्द तोलू लागतो.

म्हणून मला हेरांची पुस्तके हवी आहेत, आणि ती घरातल्या सर्वांनी वाचावीत असेही वाटते. मुलांनी कॅप्टन दीपबरोबर धावावे. मोठ्यांनी त्या जाडजूड रेसिडेन्सी-खंडांतली दहा-वीस पाने तरी उलटावीत. वाचताना नजर एकदा तरी वळवावी, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून दाराआड बसलेल्या माणसाकडे. मराठीत या दुसऱ्या माणसाची कादंबरी अजून कुणी मनावर घेतलेली मला दिसली नाही. आंधळा परसोजी, ज्याला आपल्याविषयी काय लिहिले जाते हे कधीच वाचता आले नसते, तो दोनशे वर्षे तिची वाट पाहत आहे. एखाद्या नव्या लेखकाने ती लिहिली तर पुढल्या कुठल्याशा दिवाळीत तिच्यावरून भावंडांत तंटा झालेला पाहावयास मला आनंद वाटेल.