खोक्यावरचा ‘४के’ आणि पडद्यावरचे चित्र

जुन्या टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे चित्रपट, मालिका, पाठ पडद्यावर आणणारी छोटी पेटी आता दोन-अडीच हजार रुपयांत मिळते. घरोघरी तर ती आलीच आहे. वर्गणीतून टीव्ही घेतलेल्या शाळांतही ती टीव्हीच्या मागे चिकटवलेली दिसते. कुणी तिला अँड्रॉइड बॉक्स म्हणते, कुणी नुसताच ‘डबा’. तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४के’ लिहिलेले असते आणि खाली रॅम, साठवण, वाय-फाय यांचे आकडे असतात. खरेदीच्या वेळी याच आकड्यांची तुलना होते आणि कमीत कमी पैशांत मोठ्यात मोठे आकडे देणारी पेटी निवडली जाते. हे आकडे नेमके कशाचे आहेत, असे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

अशी एक स्वस्त पेटी आम्ही काही महिने घरी आणि वर्गात वापरून पाहिली. तिचे नाव येथे देत नाही. एकाच साच्याची पेटी बाजारात अनेक नावांनी विकली जाते आणि आमचे म्हणणे एका नावापुरते नाही. पाटाचे पाणी शेताच्या टोकाला किती पोचेल, हे पाटाच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. चित्राचेही तसेच आहे. खोक्यावरचा आकडा पेटीच्या एखाद्या भागापुरता खरा असू शकतो; पडद्यावर काय दिसेल ते वाटेतली अरुंद जागा ठरवते. ती जागा कुठे आहे हे शोधणे हाच या परीक्षणाचा हेतू आहे.

आकड्यामागचा हिशोब

४के चित्रात ३,८४० उभे स्तंभ आणि २,१६० आडव्या ओळी असतात, म्हणजे एकूण ८२,९४,४०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे ४९८ कोटी बिट माहिती लागेल. मुलांना हा गुणाकार जरूर करायला लावा. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला दीड कोटी बिट वेगाचे इंटरनेट पुरेसे मानते. मूळ माहितीच्या सुमारे ३३० भागांपैकी एकच भाग तारेतून येतो. मग बाकीची माहिती जाते कुठे?

लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक बिंदू बदललेलेच नसतात. फळ्यापुढे उभे राहून बोलणाऱ्या बाईंच्या चित्रात फळा तोच राहतो, हलतात ते हात आणि ओठ. तेव्हा बदल तेवढा पाठवायचा, आणि सारखे दिसणारे भाग थोडक्या खुणांत सांगायचे, अशी ही युक्ती आहे. माहिती अशी आवळून बांधण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत: २००३ची एच.२६४, २०१३ची एचईव्हीसी, २०१८ची एव्ही१. बांधलेली गाठोडी सेकंदाला २५ वेळा सोडण्याचे काम पेटीतल्या चिपला करावे लागते. एखाद्या पद्धतीची गाठ सोडणारी खास रचना चिपमध्येच असेल तर हे काम सहज होते. ती नसेल तर सर्वसाधारण कामे करणाऱ्या भागावर ते येऊन पडते, आणि स्वस्त चिपला ते झेपत नाही. चित्र अडखळू लागते आणि आपण इंटरनेटला दोष देतो. म्हणून ‘४के आहे का?’ यापेक्षा ‘यातल्या कोणत्या पद्धती चिप स्वतः सोडवते?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारण्यासारखा आहे.

एक कोडे

आमच्या वापरात लवकरच एक विचित्र गोष्ट लक्षात आली. पेटी तीच, टीव्ही तोच, इंटरनेटही तेच. तरी फुकट पाहता येणारा विज्ञानाचा पाठ स्वच्छ दिसे आणि पैसे भरून घेतलेल्या सेवेवरचा चित्रपट धूसर. वेग कमी असता तर दोन्ही धूसर दिसले असते. टीव्ही मात्र दोन्ही वेळा कोपऱ्यात ३८४० × २१६० असाच आकडा दाखवत होता.

याचे उत्तर कुलपात आहे. सशुल्क चित्रपट नक्कल होऊ नयेत म्हणून कुलूप लावूनच पाठवले जातात. अँड्रॉइड उपकरणांत त्यासाठी वाइडवाइन नावाची व्यवस्था असते आणि तिच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीच्या म्हणजे ‘एल१’ उपकरणात कुलूप उघडण्याचे आणि चित्र उलगडण्याचे काम चिपमधल्या वेगळ्या, सुरक्षित भागात होते. इतर प्रणालींना तिथे डोकावता येत नाही. तिसऱ्या पायरीच्या म्हणजे ‘एल३’ उपकरणात हे काम साध्या प्रणालीनेच होते. अशा उपकरणावर सेवांचा भरवसा नसतो. त्या त्याला चांगल्या प्रतीचे चित्र पाठवतच नाहीत. बहुधा ४८० ओळींच्या आसपासचे पाठवतात. पेटी तेवढेच चित्र ताणून मोठे करते आणि टीव्हीला ४के म्हणून देते. फुकटच्या पाठांना हे कुलूपच नसते, म्हणून ते स्वच्छ येतात.

४८० ओळी म्हणजे किती, हेही पहा. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन प्रक्षेपणात ६२५ ओळी असत आणि त्यांतल्या ५७६ चित्राच्या असत. ‘४के’ पेटीतून येणारा चित्रपट ओळींच्या हिशोबात त्याहूनही मागे पडतो. आणि तरी खोक्यावरचा मजकूर सरळ खोटा म्हणता येत नाही, कारण पेटीच्या बाहेर पडणारा संकेत ४केच असतो. आतल्या चित्राबद्दल खोक्यावर काही लिहिलेलेच नसते. वाइडवाइनची पायरी दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. पेटी परत करण्याची मुदत संपण्याआधी एवढे तरी पाहून घ्यावे.

शेवटच्या बाकावरून

पण वर्गाला ४के लागते का? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात. तीन मीटरवर हे अंतर ०.८७ मिलिमीटर भरते. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा तीन मीटरवर बसलेल्या मुलाला एका ओळीत साधारण १,०९० बिंदूच वेगळे दिसू शकतात आणि सहा मीटरवरच्या शेवटच्या बाकावरून ५४५. पडद्यावर ३,८४० असले तरी उरलेले डोळ्यांत एकमेकांत मिसळून जातात.

हे मुलांना करून पाहता येईल. कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या दोन काळ्या रेघा, मध्ये एक मिलिमीटर जागा सोडून, शेजारीशेजारी काढा. कागद भिंतीला लावा आणि एकेकाला मागे सरकायला सांगा. साधारण साडेतीन मीटरच्या आसपास दोन रेघांची एक रेघ होते. ज्या मुलाची ती फार आधीच होते, त्याचे डोळे तपासून घ्यावेत. या प्रयोगाचा तो आणखी एक फायदा.

याच हिशोबाने, सहा मीटरवरून जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे नऊ मिलिमीटर उंच असावे लागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांची बारीक वळणे असतात; तेव्हा दोन ते अडीच सेंटिमीटरचे अक्षर धरणे शहाणपणाचे. अनेक पाठांतला मजकूर मोबाइलवर हातभर अंतरावरून वाचण्यासाठी लिहिलेला असतो. वर्गात तो ४के मध्ये दाखवला तरी शेवटच्या बाकाला वाचता येत नाही. शाळेने जास्त बिंदूंसाठी पैसे मोजण्यापेक्षा मोठ्या अक्षरांचे पाठ निवडावेत आणि बाके पुढे घ्यावीत.

रोजच्या कटकटी

रोजच्या वापरातल्या बहुतेक कटकटी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातल्याच आहेत. पेटी अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर आधी वीज कुठून घेतली आहे ते पहा. अनेक टीव्हींच्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. पेटीला त्याच्या दुप्पट किंवा अधिक लागू शकतात. वेगळा अडॅप्टर लावला की प्रश्न मिटतो. टीव्हीच्या मागे चिकटवलेली पेटी तापते, आणि तापली की चिप स्वतःचा वेग कमी करते. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात एप्रिल महिन्यात हा अनुभव हमखास येतो. पेटी मोकळ्या हवेत ठेवावी. टीव्हीच्या मागचा धातूचा पत्रा वाय-फायच्या लहरीही अडवतो, त्यामुळे एचडीएमआयची छोटी जोडतार घेऊन पेटी बाजूला आणली तर दोन्ही कामे होतात.

रिमोट तर वर्गातच उघडून दाखवावा. साध्या रिमोटच्या टोकाचा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबले की तो लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात पहा. रिमोट भिंतीकडे धरूनही पेटी चालते का, हेही पाहता येते. परावर्तनाचा धडा तिथेच होतो.

यापुढच्या तक्रारींना असा सोपा उपाय नाही. आमच्या पेटीत आठ गिगाबाइट साठवणीपैकी निम्म्याहून कमी जागा पहिल्याच दिवशी मोकळी होती. चार-पाच अ‍ॅप घातल्यावर ‘जागा अपुरी’ अशी सूचना येऊ लागली. रिमोटच्या बाणांनी ‘प्रकाशाचे अपवर्तन’ एवढे शब्द शोधायला लागलेला वेळ तासिकेतून वजा होतो. छोट्या बिनतारी कीबोर्डाने ही अडचण बरीच कमी झाली. पण मग पेटीच्या स्वस्ताईत त्याचीही किंमत मिळवायला हवी.

ताबा कुणाचा?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी घेतला आहे. रेडिओ विकत घेतला की तो आपला होतो. बनवणारा कारखाना बंद पडला तरी रेडिओ वाजत राहतो. ही पेटी मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाशी सतत बोलून चालते. गुगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट ही अशीच छोटी वस्तू २०१५ साली बाजारात आली. ९ मार्च २०२५ रोजी जगभर या वस्तू एकाएकी चालेनाशा झाल्या. त्यांच्या आत ओळख पटवण्यासाठी ठेवलेल्या प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. तार तुटली नव्हती, चिप जळली नव्हती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. अनाम पेटीच्या बाबतीत अशी दुरुस्ती कोण पाठवणार?

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. काही स्वस्त पेट्यांत कारखान्यातून किंवा वाटेतच घातक प्रणाली भरलेली असते, हे २०२३ पासून उघड होत गेले. तिला ‘बॅडबॉक्स’ असे नाव पडले. अशी पेटी आपल्याला चित्र दाखवत असतानाच आपले इंटरनेट परक्यांना वापरू देते, खोट्या जाहिराती उघडते. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा खात्याने अशा सुमारे ३० हजार उपकरणांचा बाहेरच्या म्होरक्यांशी संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली. सगळ्या स्वस्त पेट्या अशा असतात असे नाही. पण ज्या इंटरनेटवर शाळेचे कार्यालयीन काम आणि मुलांची माहिती भरणे चालते, त्याच जोडणीवर अनोळखी पेटी लावताना हा धोका लक्षात घ्यायलाच हवा. गुगलचे प्रमाणपत्र नसलेली आणि ‘सशुल्क वाहिन्या कायमच्या फुकट’ असे सांगून विकली जाणारी पेटी शाळेत आणूच नये.

आमचा अभिप्राय

या पेटीत गुण नाहीत असे नाही. चांगल्या चालणाऱ्या जुन्या टीव्हीला ती नवे काम देते आणि एक टीव्ही भंगारात जाण्यापासून वाचतो. पेन ड्राइव्हवरचे पाठ तिच्यावर इंटरनेटशिवाय चालतात, आणि वर्गातला तिचा हाच उपयोग आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटला. उतरवून घेण्याची परवानगी असलेले पाठ आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर घ्यावेत, स्वतः पाहून ठेवावेत, अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता येतात का ते तपासावे. यासाठी इंटरनेटची जोडणी तोडून ठेवली तरी चालते. पेटी उद्या बंद पडली तरी पाठ शाळेकडेच राहतात. जिथे इंटरनेटच धड नाही, तिथे डीडी फ्री डिशवरच्या पीएम ई-विद्या वाहिन्यांचाही विचार व्हावा. एकदा डिश बसवली की मासिक शुल्क लागत नाही.

खरेदीआधी चार प्रश्न लिहून विचारावेत: पेटीला गुगलचे प्रमाणपत्र आहे का? वाइडवाइनची पायरी कोणती? साठवणीपैकी मोकळी जागा किती? सुधारणा किती वर्षे आणि कोण पाठवणार? सेटिंगमध्ये दिसणारा रॅमचा आकडाही खोटा दाखवता येतो, तेव्हा बिल आणि लेखी हमी घ्यावी. ‘४के’ हा शब्द या यादीत आम्ही मुद्दामच घातलेला नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना ही तपासणी गटाने करायला द्यावी. खोक्यावरचा प्रत्येक आकडा एका रकान्यात, तो कशाचा आहे हे दुसऱ्यात, आणि आपण मोजून पाहिले तेव्हा काय आढळले हे तिसऱ्यात. आपल्या शाळेत असे तक्ते तयार झाले तर आम्हाला जरूर पाठवा.